एकशेवीस तास
(पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या कार्यप्रशिक्षण पुस्तिकेची प्रस्तावना)

पदवीच्या वर्गात सध्या एक शब्द फार फिरतो आहे, ‘ओजेटी’. ऑन जॉब ट्रेनिंग. नव्या शैक्षणिक धोरणाला धरून राज्याने एप्रिल २०२३ मध्ये अभ्यासक्रमाचा जो आराखडा जाहीर केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीच्या शेवटच्या सत्रात या ओजेटीला ४ क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी घालवायचे. पदव्युत्तर वर्गांना हे २०२३-२४ पासूनच लागू झाले. संलग्न महाविद्यालयांत पदवीला २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी २०२६-२७ च्या शेवटच्या सत्रात या कामाला निघायची आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्यात हे सांगितले की समोरून पहिला प्रश्न येतो तो ठरलेला: “पण सर, इथं कंपनी कुठाय?”

प्रश्न खोटा नाही. धाराशिव जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून त्या यादीत चारच जिल्हे होते. बाकीचे तीन नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोली. वाळूज, चाकण, रांजणगाव या औद्योगिक वसाहतींची नावे इथल्या पोरांना पाठ आहेत, कारण घरटी कोणी ना कोणी तिकडे गेलेला असतो. हैदराबादचा रस्ताही उमरग्यावरूनच जातो. लोहाऱ्याचे शंकरराव जावळे पाटील महाविद्यालय घ्या, उमरग्याचे श्री छत्रपती शिवाजी महाविद्यालय घ्या, मुरूमचे माधवराव पाटील महाविद्यालय घ्या. वर्गात बसलेला निम्मा बाक शेतकऱ्यांच्या मुलामुलींचा, आणि त्यांच्या डोक्यात ‘इंडस्ट्री’ म्हणजे काचेची इमारत, गेटवर सिक्युरिटी आणि गळ्यात आयकार्ड. तसले काही तालुक्यात नाही. म्हणून ओजेटी म्हणजे कुठूनतरी सही-शिक्का आणण्याचे काम, असा समज पहिल्या दिवसापासून होऊन बसतो.

हा समज मोडावा एवढ्यासाठीच ही पुस्तिका आहे. माझे म्हणणे सरळ आहे. तालुक्यात काम भरपूर आहे, शिकण्यासारखे आहे, आणि आपल्या विद्यार्थ्याला त्याचा जेवढा उपयोग आहे तेवढा पुण्याच्या विद्यार्थ्यालाही नसेल. पण ते १२० तास खरे असले पाहिजेत. खोटे १२० तास शून्य तासांहून वाईट, कारण शून्याला निदान प्रमाणपत्र मिळत नाही.

काम करून शिकल्याशिवाय पदवी नाही, हा नियम आपल्याला नवा वाटतो तो फक्त बीए, बीकॉम, बीएस्सीच्या बाबतीत. एमबीबीएसच्या मुलाला वर्षभराची इंटर्नशिप केल्याशिवाय डॉक्टर म्हणून कायम नोंदणी मिळत नाही. दोन वर्षांच्या बीएडमध्ये २० आठवडे शाळेत काढावे लागतात. सीए व्हायचे तर परीक्षेइतकीच आर्टिकलशिप महत्त्वाची. ती तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. आयटीआयवाल्याला ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्द १९६१ च्या कायद्यापासून माहीत आहे. यातल्या कोणालाही ‘काम कशाला, पुस्तक पुरे’ असे कोणी म्हणत नाही. मग रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीने कारखान्याची प्रयोगशाळा न बघता, आणि वाणिज्य शिकलेल्या मुलाने खरे बिल हातात न धरता पदवी घ्यावी, हे इतकी वर्षे आपल्याला खटकले कसे नाही, याचे मला जास्त नवल वाटते.

जगाचा दाखला हवा असेल तर अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये काही काळ वर्ग, काही काळ कारखाना अशी आलटून-पालटून पद्धत सुरू केली. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ आणले. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावून हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम मांडली. कर्मवीर भाऊरावांची ‘कमवा आणि शिका’ तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथे एक फरक ध्यानात घ्यावा. कमवा आणि शिका ही शिक्षण परवडावे म्हणून होती. मुलगा शेतात राबून फीची आणि जेवणाची सोय करी. ओजेटीत काम हाच धडा आहे. दोन्हींची गल्लत झाली की मालक म्हणतो, फुकटचा गडी मिळाला.

लांब कशाला जायचे? याच तालुक्यात हिप्परगा (रवा) आहे. तिथली राष्ट्रीय शाळा १९२१ ची, निजामी राजवटीतली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले ते मुंबईत ना. म. जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत काम करून. गिरणी कामगारांचे जगणे जवळून पाहिलेला माणूस आडगावच्या शाळेत मास्तर होतो आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करतो. त्या शाळेवर आजवर जे बोलले गेले ते बहुतेक स्वातंत्र्यलढ्याच्या अंगाने. वर्गाबाहेरची दुनिया पाहून आलेला शिक्षक मुलांना काय देतो, या अंगानेही कोणीतरी तिचा अभ्यास करायला हरकत नाही.

दुसरा दाखला दुःखाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सास्तूर आणि आजूबाजूची गावे उमरगा तालुक्यात होती. लोहारा तालुका नंतर झाला. माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ज्या गवंड्यांनी ती घरे पिढ्यानपिढ्या बांधली, त्यांनाच पुनर्वसनाच्या वेळी नवे काम शिकावे लागले: भिंतीतून आरपार जाणारा दगड कुठे बसवायचा, कोपऱ्यात उभी सळई का लागते, दार-खिडकीच्या वरून सगळ्या घराला वेढणारा काँक्रीटचा पट्टा का तोडायचा नाही. हे शिक्षण फळ्यावर झाले नाही. इंजिनिअर बांधकामावर उभे राहिले, गवंडी बांधत गेले, चुकले तिथे पाडून पुन्हा बांधले. बायकांनी गावोगाव ‘संवाद सहायक’ म्हणून लोकांना बांधकामाचे नियम समजावून सांगितले. म्हणजे या भागाने कामाच्या जागी शिकण्याचा केवढा तरी मोठा वर्ग एकदा भरवलेला आहे. त्याला ओजेटी म्हणायचे, हे तेव्हा कोणाला सुचले नाही इतकेच.

आता ‘कंपनी कुठाय’ याचे उत्तर. तालुक्यात खेडला लोकमंगल माऊली हा साखर कारखाना आहे, आणि साखर कारखाना ही अशी जागा आहे की बीएस्सी, बीकॉम आणि बीए या तिघांनाही तिथे काम निघते. आपण त्याच्याकडे ऊस घालायची जागा म्हणून पाहतो, शिकायची जागा म्हणून पाहत नाही.

कोणत्याही साखर कारखान्याची प्रयोगशाळा घ्या. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने वर्गात ऑप्टिकल ॲक्टिव्हिटी वाचलेली असते. पोलॅरीमीटर नावाचे यंत्र एखाद्या प्रॅक्टिकलला पाहिलेले असते, तेही रांगेत उभे राहून. कारखान्यात तेच यंत्र चोवीस तास चालते. मिलमधून रसाचा नमुना येतो, त्याचा ब्रिक्स काढतात, म्हणजे रसात विरघळलेले घनपदार्थ शेकडा किती. मग लेड ॲसिटेट घालून रस निवळतात, गाळतात, नळीत भरतात आणि पोल वाचतात, म्हणजे त्यात साखर किती. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की प्युरिटी. हे गणित सातवीचा पोरगाही करील. पण ते दर पाळीत, पहिल्या मिलच्या रसाचे, मिश्र रसाचे, शेवटच्या मिलच्या रसाचे करावे लागते. बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात, किती साखर वाया गेली, प्रेसमडमध्ये किती, शेवटच्या मळीत किती, तेही. आलेल्या उसात जेवढी साखर होती ती पोत्यात किती आली आणि कुठे कुठे गळाली याचा जमाखर्च शिफ्ट केमिस्ट मांडतो. बगॅसचा पोल वाढला की फोन मिल हाऊसला जातो. म्हणजे काचेच्या नळीतला आकडा पलीकडे कोणालातरी कामाला लावतो. वर्गातला आकडा फक्त जर्नलमध्ये जातो.

आणि हा आकडा घरापर्यंत येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) ठरवली ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. उतारा त्याच्या वर गेला तर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. टनाला धरले तर ३४ रुपये ६० पैसे. तोडणी-वाहतूक वजा जाऊन उरते ते बापाच्या खात्यावर. ज्या मुलीने प्रयोगशाळेत पंधरा दिवस नमुने तपासले ती घरी आल्यावर बापाला सांगू शकते की तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडून राहिला तर त्यातली साखर का घटते. बापाला हे अनुभवाने माहीत असतेच. पण दोघांचे माहीत असणे एका ठिकाणी आले तर त्या घरात ऊसतोडीच्या तारखेवरून होणारे बोलणे बदलते.

प्रयोगशाळा झाली एक बाजू. वजनकाट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन, त्यावरून निघणारी पावती, पावतीवरून शेतकी विभागाची नोंद, नोंदीवरून बिल आणि बिलावरून बँक ही साखळी वाणिज्यच्या विद्यार्थ्याने डोळ्याने पाहावी. गावोगाव फिरून उसाची नोंद घेणारा आणि तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय कोणत्या दबावात काम करतो, टोळीचा मुकादम उचल कशी घेतो, तोडणी मजुरांची मुले हंगामात शाळेपासून कशी तुटतात, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने आठ दिवस तळावर बसून लिहून काढले तर तो अहवाल कुठल्याही गाइडमधून उतरवलेल्या प्रकल्पाहून वाचण्यासारखा होईल.

वेळेचे गणितही इथे जमते, आणि ते कोणी मुद्दाम जमवलेले नाही. गळीत हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून वा नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. सहावे सत्र डिसेंबर-जानेवारीला सुरू होते. जानेवारी-फेब्रुवारीत कारखाना पूर्ण भरात असतो. तुरीची रास झाली की लातूरच्या डाळ मिल याच सुमारास जोरात चालतात. मार्च अखेर म्हणजे पतसंस्था, सोसायट्या आणि कर सल्लागारांच्या कार्यालयांत श्वास घ्यायला फुरसत नाही. जी जागा कामाने भरलेली आहे तिथेच शिकायला मिळते. मात्र तिथल्या माणसाला शिकवायला वेळ नसतो, हेही खरे. म्हणून विद्यार्थ्याने तिथे आधी काही दिवस निमूटपणे बघावे, विचारायचे ते लिहून ठेवावे आणि जेवणाच्या सुट्टीत विचारावे.

कर सल्लागाराच्या कार्यालयाची गोष्ट थोडक्यात. बीकॉमच्या मुलाला जर्नल एंट्री येते. पण एखाद्या खतविक्रेत्याने प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणलेली महिन्याची बिले टेबलावर ओतली की तो गडबडतो. एका बिलावर जीएसटी क्रमांकाचा आकडा चुकलेला, दुसऱ्याची तारीख पुसट, तिसरे बिल पोर्टलवर दिसतच नाही कारण समोरच्याने विवरण भरलेले नाही. मग समोरच्याला फोन करायचा, गोड बोलायचे, महिन्याच्या २० तारखेच्या आत सगळे बसवायचे. हे कुठल्याच पेपरला येत नाही आणि नोकरीत रोज लागते. पोरे म्हणतात, “आम्हाला अकाउंट येतं, बोलायला येत नाही.” बोलणे इथे येते.

माकणीला निम्न तेरणा प्रकल्प आहे, सास्तूरला स्पर्श रुग्णालय आहे, गावोगाव दूध संकलन आहे, सोयाबीनचा व्यापार आहे, नगरपंचायत आहे. जिल्ह्यातच तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे, आणि तिथे क्षेत्रकार्य हा शिक्षणाचा कणा मानतात. देशभरची मुले आपल्या गावांत येऊन शिकून गेली. आपल्या मुलांनी तेवढे गावांत उतरून शिकल्याचे मात्र फारसे दिसत नाही.

आता ज्या गोष्टींवर या विषयातली भाषणे सहसा बोलत नाहीत त्या.

पैसा. जो मुलगा सुट्टीत रोजाने जातो त्याला १२० तास बिनपगारी बसवले तर त्याचे १५ दिवसांचे रोज बुडतात. एसटीचा सवलतीचा पास घर ते कॉलेज या मार्गाचा असतो. कारखान्याचा मार्ग वेगळा असला तर तिकीट खिशातून. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, त्याचा मुलींना आधार होतो, मुलांना नाही. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्याला विद्यावेतन द्यावेच लागते आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. १२० तासांच्या ओजेटीवाल्याला यातले काही आपोआप लागू होत नाही. म्हणून महाविद्यालयाने पाठवण्याआधी अपघात विमा काढावा, आणि कारखान्याने पहिल्या दिवशी हेल्मेट द्यावे. मिल हाऊस आणि बॉयलर ही सहलीची ठिकाणे नव्हेत.

मुली. “पोरीला कुठं पाठवता?” हा प्रश्न पालक विचारणारच, आणि त्यांनी विचारावाच. उत्तर प्राध्यापकांनी द्यायचे आहे: दिवसपाळी, दोघी-तिघींची जोडी, स्वच्छतागृह आहे की नाही याची आधी जाऊन पाहणी, आणि तिथल्या एका जबाबदार व्यक्तीचा फोन नंबर पालकांच्या हातात. एवढे केले तर बहुतेक घरांतून होकार येतो. हे न करता ‘पालक पाठवत नाहीत’ म्हणणे सोपे आहे.

फसवणूक. मामाच्या दुकानाचे लेटरहेड, त्यावर १२० तासांची हजेरी एका बैठकीत एकाच पेनाने भरलेली. कोणत्या कॉलेजात हे होते हे सांगायची गरज नाही. प्रकल्पांच्या फायली ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना शाईवरून कळते. उलट बाजूने, जिथे खरे काम मिळते तिथेही शोषण होते. चाकण-रांजणगावकडे ‘नीम ट्रेनी’ हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांना माहीत आहे की प्रशिक्षण हे नाव आणि लाइनवर कंत्राटी कामगाराचे काम, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. मुलाला १२० तास फक्त झेरॉक्स काढायला किंवा पोती मोजायला लावले तर ते प्रशिक्षण नाही. पहिल्या आठवड्यातच तक्रार करायची सोय हवी, आणि प्राध्यापकाने निदान दोनदा त्या जागी जाऊन यायला हवे. फोनवर विचारपूस म्हणजे भेट नव्हे.

पदवीनंतरच्या योजना वेगळ्या, त्यांची गल्लत करू नये. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ची. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये महिना. सुरुवातीला सहा महिन्यांची होती, पुढे अकरा महिन्यांची झाली. मुदत संपल्यावर ‘कायम करा’ अशी मागणी राज्यभर झाली, आणि त्यात मुलांचा दोष नाही. ज्याला दुसरी नोकरी दिसत नाही तो हातातले सोडत नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षीची, सुरुवातीला मोठ्या कंपन्यांमध्ये बारा महिने, ५ हजार रुपये महिना अशी होती. बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांना शिकाऊ उमेदवारीचे दार २०१४ च्या दुरुस्तीने उघडले आणि ३० वा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे, हे आपल्याकडच्या फार थोड्या पदवीधरांना माहीत असते. अशा अर्जांत बहुधा एक रकाना असतो, पूर्वानुभव. ओजेटी खरी केलेल्याकडे तिथे लिहायला दोन ओळी असतात, आणि मुलाखतीत त्या दोन ओळींवर दहा मिनिटे बोलता येते. नोकरीची हमी यातून कोणी देऊ नये. तालुक्यात तेवढ्या नोकऱ्या नाहीत, आणि एका सत्रात त्या निर्माण होणार नाहीत.

पुढच्या पानांत अर्जाचा नमुना, रोजच्या नोंदवहीचा नमुना, सुरक्षिततेची यादी आणि प्राध्यापकांसाठी भेटीचा तक्ता आहे. नोंदवही रोज लिहायची आहे, आठवड्याची एकदम नाही. ‘आज बरेच शिकायला मिळाले’ असे वाक्य त्यात चालणार नाही. काय पाहिले, कोणाला विचारले, कोणता आकडा आला, काय कळले नाही, ते लिहायचे.

व्यापारी, कारखान्यांचे अधिकारी, सोसायट्यांचे सचिव यांना एकच विनंती. दरसाल दोन विद्यार्थी घ्या, त्यांना एक माणूस नेमून द्या, आणि काम केले नसेल तर प्रमाणपत्र देऊ नका, मग तो कोणाचाही पुतण्या असो. विद्यार्थ्यांनी अर्ज दिवाळीच्या आधी द्यावेत. गाळप सुरू झाल्यावर जानेवारीत गेटवर जाऊन उभे राहिलात तर शेतकी अधिकाऱ्याला तुमच्याकडे बघायलाही वेळ नसेल.